सात नंबरचा अर्ज

प्रवासवर्णन लिहायचे तर आधी प्रवास करावा लागतो, असा एक सर्वसाधारण समज आहे. तो खरा नाही. निघण्यापूर्वीच माणसाचा या टेबलापासून त्या टेबलापर्यंत आणि या खिडकीपासून त्या खिडकीपर्यंत इतका प्रवास झालेला असतो की, पुढचा खरा प्रवास म्हणजे त्या ग्रंथाचे छोटेसे परिशिष्टच. वर्षभर या सदरातून मी आमच्या घरातल्या, नाही तर कॉलेजातल्या चार गोष्टी वाचकांना सांगत असतो. हा दिवाळीचा अंक. तेव्हा फराळाच्या ताटाबरोबर जरा लांबची गोष्ट सांगावी म्हणतो. गोष्ट एका कालव्याची आहे. कालवा इंग्लंडातला, पण गोष्टीच्या उगमाशी बसले आहेत आमचे मामा.

मामा पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. उभी नोकरी नीरा डाव्या कालव्याच्या काठाने गेली. आधी सायकलवर, मग फटफटीवर. मामी गेल्यापासून ते लेकीकडे बर्मिंगहॅमला असतात. वय एकोणऐंशी. काचबिंदूने एक डोळा नेला आहे आणि दुसऱ्यात थोडीशी शिल्लक आहे.

जानेवारीत त्यांचा फोन आला. "अरे, इथं घराच्या मागून कालवा जातो. त्यात होड्या चालतात, होड्या! मी जन्मभर कालवा सांभाळला, पण त्यावर बसून कधी गेलो नाही. आपल्याकडं कालव्यात कोणी उतरलं तर आम्ही काठी घेऊन धावायचो. हा कालवा पंचवीस मैलांवर थेट शेक्सपीअरच्या गावात जातो म्हणतात. तू पोरांना आगरकरांचं 'विकारविलसित' शिकवतोस ना? मग ये की. मे महिन्याची सुट्टी असेल."

मी "बघू या" म्हणालो. मध्यमवर्गीय माणूस कुठल्याही मोठ्या बेताला पहिल्यांदा हेच म्हणतो. मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बघू या म्हणतोस, पण डॉक्टर म्हणतात, बघायचं ते यंदा बघून घ्या."

यावर बोलण्यासारखे काही नव्हते. मी दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या कचेरीत जाऊन परदेशगमनासाठी लागणाऱ्या ना-हरकत प्रमाणपत्राचा अर्ज मागितला.

आमचे हेडक्लार्क हा एक सज्जन आणि सावध गृहस्थ आहे. अर्जातल्या 'प्रयोजन' या रकान्यात मी ऐटीत 'कालव्यातून नौकाविहार' असे लिहिले होते. त्यांनी ते दोनदा वाचले, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले, "सर, कालवा बघायला इंग्लंडला? आपला मुठा उजवा कालवा काय वाईट आहे?"

"त्यात होडी चालत नाही हो."

"होडी नसेल चालत, पण कालवा चालतो. आमचं घर दांडेकर पुलाजवळ. २७ सप्टेंबर २०१८ ला कालवा फुटला, तेव्हा तोच आमच्या घरी आला होता. आम्हाला कुठं जावं लागलं नाही."

ते हसले, पण त्या दिवशी त्यांचे काय काय वाहून गेले ते मला ठाऊक होते. मी गप्प बसलो. त्यांनीच पुढे माझ्या हातातून पेन घेतले. "प्रयोजनात 'नातेवाइकांची भेट' लिहा. नौकाविहार म्हटलं की फाइल वर जाते." असे म्हणून त्यांनी छताच्या पंख्याकडे पाहिले. वर गेलेल्या फायली तिथेच कुठे तरी फिरत असाव्यात.

मग व्हिसा. सहा महिन्यांचा बँकेचा उतारा, पगाराच्या पावत्या, मामेबहिणीचे निमंत्रणपत्र, शिवाय मी परत येणार आहे याचा पुरावा. माझे इथले घर, नोकरी, आणि बारावीला बसलेला मुलगा हे सगळे मी पुरावा म्हणून सादर केले. मुक्कामाचा पत्ता विचारला होता. सातांपैकी सहा रात्री आम्ही होडीत काढणार होतो, आणि होडीला नाव असते पण घर नंबर नसतो. मी आपला मामांचा पत्ता लिहिला. आमची सौ. सगळे कागद लावून देत होती. ती म्हणाली, "एवढ्या कागदांत लग्नं होतात दोन."

गंमत अशी की, देशात शिरायला एवढे सोपस्कार, पण तिथे होडी चालवायला काहीच नाही. पुण्यात साधी स्कूटर चालवायची तर लायसन लागते. इंग्लंडातल्या कालव्यावर सुमारे पंधरा टनांची लोखंडी होडी भाड्याने घ्या, तासभर समजावून घ्या, आणि निघा. होडी म्हणजे आगगाडीच्या डब्यासारखी लांबोडकी. रुंदी मात्र सात फुटांच्या आत, कारण त्या भागातले लॉक तेवढेच अरुंद. वेग ताशी चार मैलांहून जास्त ठेवायचा नाही. काठावरून चालणारा माणूस आपल्याला मागे टाकून जातो आणि वर हात हलवतो. पाणी बहुतेक ठिकाणी कमरे-छातीएवढे. हे कळल्यावर सौ.चा अर्धा विरोध मावळला. उरलेला अर्धा तिने बॅगेत थालिपिठाची भाजणी भरून मिटवला.

लॉक म्हणजे काय, ते मामांनी फोनवर एकदाच सांगितले आणि मला कायमचे समजले. "लॉक म्हणजे पाण्याचा जिना. एक हौद, दोन टोकांना दोन दारं. खालून होडी आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरचं पाणी आत सोडायचं. पाणी चढतं, होडी चढते. वरचं दार उघडायचं, निघायचं. उतरताना सगळं उलटं. पंप नाही, वीज नाही. माणसानं दारं ढकलायची, पाण्यानं उचलायचं." आमच्या स्ट्रॅटफर्ड कालव्यावर असे पन्नासहून अधिक जिने होते. १७९३ साली काम सुरू होऊन १८१६ साली तो पुरा झाला.

तर प्रमाणपत्र आले, व्हिसा आला, रजा मंजूर झाली, होडीचे पैसे भरले. आणि निघायला अठरा दिवस असताना मामेबहिणीचा फोन आला. वाटेतल्या वरच्या अंगाच्या एका लॉकचे दार नादुरुस्त झाले होते. पुढील सूचना मिळेपर्यंत मार्ग बंद. कालव्याच्या कचेरीने गैरसोयीबद्दल दिलगिरीही व्यक्त केली होती. इंग्रजी कचेरी आपल्याला नाही म्हणते तेव्हा इतके गोड म्हणते की, आपणच आभार मानून फोन ठेवतो.

दुसरा कालवा पाहावा म्हटले, तर तिथली तऱ्हा निराळीच. २०२५ चा वसंत इंग्लंडात गेल्या शंभर वर्षांतला सर्वांत कोरडा गेला. कालव्यांना पाणी पुरवणारे तलाव आटले. उत्तरेकडच्या लीड्स-लिव्हरपूल कालव्याचा मोठा भाग मे महिन्यापासून बंदच ठेवावा लागला. मामांना हे ऐकून, खोटे कशाला बोलू, थोडा आनंद झाला. "इंग्लंडात पाणीटंचाई! आता कळेल म्हणावं, पाळी पुरवायची म्हणजे काय असतं."

माझी मात्र हिंमत खचली. मी म्हणालो, "मामा, योग नाही. होडीचे पैसे परत मिळतील. आपण मोटारीने जाऊन स्ट्रॅटफर्ड बघू."

"मोटारीनं मी तीनदा गेलोय," मामा म्हणाले. "आणि तू मराठीचा प्राध्यापक असून एका पाटीवर विश्वास ठेवतोस? 'मार्ग बंद' अशी पाटी या कालव्यावर दोनदा लागली होती. त्याची हकीकत ठाऊक आहे का तुला?"

मला ठाऊक नव्हती. मामांना लेक रोज रात्री वाचून दाखवते, त्यात त्यांनी या कालव्याचा सगळा इतिहास ऐकून ठेवला होता. त्यांनी तो मला सांगितला, आणि मी पुढे तो पडताळून पाहिला. मामांच्या स्मरणशक्तीला अजून काचबिंदू झालेला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतरची गोष्ट. कालवा होता एका रेल्वे कंपनीच्या मालकीचा, आणि रेल्वेला कालव्याचे प्रेम किती असणार? लिफर्ड येथे कालव्यावर उचलता येणारा एक पूल होता. तो नादुरुस्त झाला, तेव्हा कंपनीने तिथे पक्का बसका पूल टाकला. खालून होडी जाणे बंद. कोणी विचारले नाही, कारण फारसे कोणी जातच नव्हते. पण एल. टी. सी. रोल्ट नावाचा एक लेखक होता. तो 'क्रेसी' नावाच्या होडीतच राहत असे. आपल्या जलप्रवासावरचे त्याचे 'नॅरो बोट' हे पुस्तक १९४४ साली प्रसिद्ध झाले, आणि १९४६ साली त्याने रॉबर्ट एक्मन यांच्यासह कालवे वाचवणारी एक संस्था काढली. कालवा ज्या कायद्याने झाला त्यात होडी नेण्याचा लोकांचा हक्क लिहिलेला होता, आणि तो कोणी रद्द केलेला नव्हता. त्यावर लॉर्ड्सच्या सभागृहात प्रश्न विचारला गेला. उत्तर मिळाले की, कोणी जाण्याची सूचना दिली तर पूल उचलण्यात येईल. उत्तर देणाऱ्यांना वाटले असेल, कोण येतोय सूचना द्यायला! रोल्टने सूचना दिली. २० मे १९४७ रोजी रेल्वेच्या माणसांनी जॅक लावून तो पूल उचलला, आणि क्रेसी गवता-चिखलातून वाट काढीत खालून गेली.

दुसरी हकीकत दहा वर्षांनंतरची. या वेळी कालव्याचा दक्षिणेकडचा भाग, म्हणजे स्ट्रॅटफर्डकडचा अर्धा, कायमचा बंद करायचे घाटत होते. रस्त्याचा एक पूल नव्याने बांधायचा होता. खालून होड्या जायच्या नसतील तर तो स्वस्तात झाला असता. कायद्याप्रमाणे दाखवायचे एवढेच होते की, गेली तीन वर्षे हा कालवा कोणी वापरलेला नाही. आणि खरोखरच तो गाळाने भरलेला, दारे कुजलेली, वापरणार कोण? पण १९५७ साली दोन माणसे छोट्या कनूतून त्या गाळातून गेली होती, आणि जाण्यापूर्वी त्यांनी रीतसर पैसे भरून परवान्याचे तिकीट घेतले होते. त्यावर तारीख होती. ते तिकीट पुराव्यात आले. १९५९ साली सरकारने कालवा बंद करायला परवानगी नाकारली. पुढे १९६० साली तो नॅशनल ट्रस्टकडे गेला. डेव्हिड हचिंग्ज नावाच्या वास्तुविशारदाच्या देखरेखीखाली स्वयंसेवकांनी, सैनिकांनी आणि बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन तुरुंगातल्या कैद्यांनी गाळ उपसला, नवी दारे बसवली. शेक्सपीअरच्या जन्माला चारशे वर्षे झाली त्या १९६४ सालच्या ११ जुलैला राजमातेच्या हस्ते कालवा पुन्हा खुला झाला.

कैद्यांचा उल्लेख ऐकून मी सावरून बसलो. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले तेही डोंगरीच्या तुरुंगात, १८८२ साली. वर्गात हे वाक्य मी वीस वर्षे सांगत आलो आहे. शेक्सपीअरकडे जाणाऱ्या दोन वाटा कैद्यांच्या हातून मोकळ्या झाल्या, हे मात्र एका कालवा निरीक्षकाने मला शिकवावे लागले.

"हे सगळं खरं," मी म्हणालो, "पण मामा, तुम्ही जन्मभर सरकारी नोकरी केलीत. अर्जांना कंटाळला नाहीत?"

यावर मामांनी जे सांगितले ते मी त्यांच्या तोंडून पूर्वी कधी ऐकले नव्हते.

"आमच्याकडं सात नंबरचा अर्ज असायचा. शेतकऱ्याला पाळीचं पाणी हवं असेल तर तो अर्ज भरायचा. मी नवीन होतो. कालव्याच्या अगदी टेलला एक चारी होती. टेलपर्यंत पाणी पोचायचं नाही, पोचलं तर चिखल ओला होण्याएवढं. दोन-तीन वर्षं लोकांनी अर्ज भरले, मग कंटाळले. एका हंगामाला त्या चारीवरून एकसुद्धा अर्ज आला नाही. मी रजिस्टरात लिहिलं, 'मागणी निरंक'. खोटं नव्हतं रे. अर्ज खरंच नव्हता. पुढच्या वर्षी पाण्याचा कार्यक्रम आखताना ती चारी धरली नाही, कारण मागणी निरंक. मग तिचा गाळ काढला नाही, कारण पाणी सोडायचं नाही. त्यात बाभळी उगवल्या. चौथ्या वर्षी एक म्हातारा माझ्याकडं आला, म्हणाला, साहेब, औंदा तरी सोडा. मी म्हटलं, तुमचा अर्ज कुठाय? तो बघतच राहिला. कालवा कोणी बंद केला नव्हता. मी फक्त निरंक लिहिलं होतं."

फोनवर बराच वेळ कोणी बोलले नाही.

"तेव्हापासून एक ठरवलंय," मामा म्हणाले. "पाणी मिळो न मिळो, अर्ज भरायचा. आपली मागणी निरंक होऊ द्यायची नाही."

त्याच रात्री त्यांनी लेकीकडून कालव्याच्या कचेरीला पत्र लिहवून घेतले. अमुक तारखेस अमुक ठिकाणाहून स्ट्रॅटफर्डपर्यंत होडीने जाण्याचा आमचा इरादा आहे; मार्ग बंद असल्याचे कळले; तो कधी खुला होईल ते कळवावे; आणि आमची मागणी नोंदवून घ्यावी. शेवटच्या वाक्याला मामेबहीण अडली. "बाबा, इथं असं काही नोंदवत नाहीत."

"नोंदवत नसतील, म्हणून तर लिहायचं."

चार दिवसांनी उत्तर आले. तारीख दिलेली नव्हती, पण एक संदर्भ क्रमांक होता. मामांनी तो कागद छापून घेऊन फायलीला लावला. क्रमांक मिळाला की अर्धे काम झाले, ही त्यांची जुनी श्रद्धा.

दरम्यान आमच्या सौ.ने नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरून एक साधा प्रश्न विचारला. "बंद असलेलं दार वरच्या अंगाला आहे ना? मग त्याच्या खालून निघालं तर?" आम्ही तिघे शिकलेले लोक गेला आठवडाभर बंद दाराकडे इतके टक लावून बसलो होतो की, दाराच्या पलीकडेही कालवा आहे हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते. वूटन वॉवेन या गावी खालच्या भागात होडी मिळत होती. सात दिवसांचे तीन दिवस झाले, पंचवीस मैलांचे जेमतेम सात राहिले, पण शेवट तोच, स्ट्रॅटफर्ड.

त्या तीन दिवसांचे वर्णन मी फार करीत नाही. ते परिशिष्ट आहे, हे आधीच सांगितले. वाटेत एडस्टनचा जलसेतू लागतो. लोखंडी पन्हळीतून कालवा चारशे पंचाहत्तर फूट अधांतरी जातो, आणि खालून रस्ता, ओढा आणि आगगाडी. मामा होडीच्या पुढच्या टोकाला शाल गुंडाळून बसले होते. मी म्हणालो, "मामा, खाली आगगाडी दिसतेय." ते म्हणाले, "मला रूळ दिसत नाहीत, पण आवाज खालून येतोय. म्हणजे आपण वर आहोत." आणि लहान मुलासारखे हसले. विल्मकोटला ओळीने अकरा लॉक. मेहुणे आणि मी दारे ढकलून घामाघूम, सौ. आणि मामेबहीण चाव्या फिरवताहेत, आणि मामा प्रत्येक दाराशी हाताने लाकूड चाचपून सांगताहेत, "हे नवीन बसवलंय. हे जुनं आहे, गळतंय." काठावरून चाललेले एक इंग्रज आजोबा थांबले आणि त्यांनी मामांना विचारले, आपण याच खात्यात होता का? मामांनी मराठीत "होय" म्हटले, आणि ते त्यांना समजले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एका बसक्या पुलाखालून होडी निघाली आणि एकदम मोकळे पाणी, बाग, माणसे, पलीकडे नाट्यगृह. शेजारच्या बागेत शेक्सपीअरचे स्मारक आहे आणि त्याच्या चार बाजूंना त्याचीच चार पात्रे. त्यांत हातात कवटी घेतलेला हॅम्लेट बसलेला आहे. मामांना मी हाताला धरून तिथपर्यंत नेले. त्यांनी जवळ जाऊन, मान तिरकी करून, उरलेल्या डोळ्याने बराच वेळ पाहिले.

"हाच ना रे तो, जावं की न जावं म्हणणारा?"

"जगावं की न जगावं, मामा."

"तेच ते," मामा म्हणाले. "अर्ज घालायचा होता त्यानं."

मी जन्मभर 'हॅम्लेट'वर वाचलेल्या टीकेत एवढे थोडक्यात कोणी बोललेले नाही.

आम्ही परतल्यानंतर काही आठवड्यांनी ते दार दुरुस्त होऊन मार्ग खुला झाल्याचे मामेबहिणीने कळवले. मामांच्या पत्रामुळे झाला असे मी म्हणत नाही. ते तसे व्हायचेच होते. मामा मात्र काही म्हणत नाहीत, नुसते फायलीवर हात ठेवतात. होडीची पावतीही त्यांनी तिथेच लावली आहे. उद्या कोणी म्हणाले की या कालव्याने कोणी जात नाही, तर तारखेसह दाखवायला बरी.

परवा त्यांचा फोन आला होता. आता पावतीवरची तारीख त्यांना वाचता येत नाही, पण ती पाठ आहे. म्हणाले, "वरचा अठरा मैलांचा भाग राहिलाय. मला दिसणार नाही, पण पाणी चढलेलं अंगाला कळतं. तू काय करतोस?"

या वेळी मी 'बघू या' म्हणालो नाही. सोमवारी कचेरीत जाऊन ना-हरकत प्रमाणपत्राचा नवा अर्ज भरून दिला. हेडक्लार्कांनी 'प्रयोजन' हा रकाना पाहिला. या खेपेला मी तिथे पुन्हा 'कालव्यातून नौकाविहार' असेच लिहिले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पंख्याकडे पाहिले, आणि काही न बोलता त्यावर आवक क्रमांक टाकला.